मदत हवी आहे : कमी वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर ८७ डेसिबलच्या स्पीकरला पुरेल का, की आधी स्पीकर बदलावेत?

नमस्कार.

घरी ऐकण्यासाठी कमी शक्तीचा व्हॉल्व्ह (निर्वात नळ्यांचा) ॲम्प्लिफायर घ्यावा असे बराच काळ मनात आहे, पण निर्णय एका ठिकाणी अडला आहे. आहेत ते स्पीकर ठेवून त्यांना पुरेल असा ॲम्प्लिफायर शोधावा, की ॲम्प्लिफायर आधी ठरवून त्याला साजेसे स्पीकर आणावेत, हे मला कळत नाही. ज्यांनी असे संच वापरले आहेत किंवा स्वतः बांधले आहेत, त्यांना नेमका सल्ला देता यावा म्हणून परिस्थिती सविस्तर मांडत आहे.

माझे स्पीकर शेल्फवर मावणारे, दोन ड्रायव्हरचे आहेत. त्यांची संवेदनशीलता (ठरावीक व्होल्टेजला मिळणारा आवाज) २.८३ व्होल्टला एक मीटरवर ८७ डेसिबल अशी दिलेली आहे. इम्पिडन्स (एसी सिग्नलला होणारा विरोध) नावाला ८ ओहम असला, तरी आलेखात तो खालच्या मध्यम पट्ट्यात ५ ओहमपर्यंत उतरतो आणि बासच्या अनुनादापाशी ३० ओहमपर्यंत चढतो. बसण्याची जागा स्पीकरपासून अडीच मीटरवर आहे आणि खोली मध्यम आकाराची आहे. ऐकणे मुख्यतः कंठसंगीत, तंतुवाद्ये आणि पियानो यांचे. मोठा वाद्यवृंद क्वचितच.

एका स्नेह्यांनी त्यांचा ३००-बी या ट्रायोड (तीन इलेक्ट्रोडच्या) व्हॉल्व्हचा, सिंगल-एंडेड (शेवटच्या टप्प्यात एकच व्हॉल्व्ह पूर्ण सिग्नल हाताळतो असा) आणि फीडबॅक (आउटपुटचा अंश परत आत देऊन चूक कमी करण्याची सोय) नसलेला ॲम्प्लिफायर काही दिवस वापरायला दिला होता. त्याची क्षमता प्रत्येक बाजूला सुमारे ८ वॅट. हळू आवाजात त्यावर गाणे ऐकताना गायकाचा श्वास, शब्द सुटतानाचा हलका घसारा आणि तार छेडल्यानंतर विरत जाणारा स्वर इतका स्पष्ट आणि निवांत ऐकू आला, की त्यानंतर माझा ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर मला कोरडा वाटू लागला. हा केवळ जुन्या गोष्टींविषयीच्या प्रेमाचा परिणाम नसावा, असे माझे मत आहे. क्लास-ए मध्ये, म्हणजे प्रवाह सतत वाहता ठेवून, चालणाऱ्या एकाच ट्रायोडमध्ये सिग्नल दोन अर्ध्या भागांत वाटला जात नाही, त्यामुळे सांध्याची विकृती उद्भवत नाही. जी विकृती उरते ती प्रामुख्याने दुसऱ्या हार्मोनिकची, म्हणजे मूळ स्वराच्या वरच्या सप्तकातली असते आणि आवाज कमी होत जाईल तशी तीही कमी होत जाते. आपले घरातले बरेचसे ऐकणे तर एका वॅटच्याही आतच होत असते.

तरीही एक शंका मला सोडत नाही. ३००-बीचा अंतर्गत रोध सुमारे ७०० ओहम असतो. ३५०० ओहमचा भार ८ ओहमवर आणणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून तो १.६ ओहम दिसतो आणि वेटोळ्यांचा रोध धरला की दोन-अडीच ओहमपर्यंत जातो. माझ्या स्पीकरचा इम्पिडन्स ५ ते ३० ओहम असा फिरत असल्याने, निव्वळ या कारणाने त्याच्या प्रतिसादात अडीच-तीन डेसिबलचा चढउतार येणार, हे साध्या गुणाकार-भागाकाराने दिसते. मग मला जे आवडले ते ट्रायोडचे की या चढउताराचे? ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्या मध्ये २ ओहमचा पुरेशा वॅटचा रेझिस्टर लावून, म्हणजे स्पीकरला तेवढाच रोध दिसेल असे करून, कोणी तुलना केली आहे का? केली असल्यास फरक कितपत उरला, हे जरूर सांगावे, कारण माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

आता शक्तीविषयी. अंदाजावर न राहता मी मोजून पाहिले. ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरवर नेहमीच्या आवाजाची पातळी ठरवली, बटण तिथेच ठेवून कमाल पातळीपेक्षा १२ डेसिबलनी खाली ध्वनिमुद्रित केलेला १२० हर्ट्झचा सूर वाजवला आणि स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजले. साधे मीटर वरच्या वारंवारतांवर फसवू शकते, म्हणून सूर मुद्दाम खालचा घेतला. १२ डेसिबल म्हणजे व्होल्टेजची चौपट, त्यामुळे आलेल्या आकड्याला चारने गुणले की ध्वनिमुद्रणातल्या सर्वोच्च शिखराला लागणारे व्होल्टेज मिळते. रात्रीच्या हळू ऐकण्यात १.२ व्होल्ट आले, म्हणजे शिखराला ४.८ व्होल्ट किंवा ८ ओहमवर सुमारे २.९ वॅट. दिवसा मोकळेपणाने ऐकताना २.२ व्होल्ट आले, म्हणजे ८.८ व्होल्ट आणि सुमारे ९.७ वॅट. याचा अर्थ साडेतीन वॅटचा २-ए-३ (३००-बीसारखाच, पण लहान ट्रायोड) मला रात्री पुरेल, पण दिवसा ३००-बीसुद्धा किंचित तोकडा पडेल. उसन्या ॲम्प्लिफायरवर नेमके हेच जाणवले होते. फीडबॅक नसल्याने तो एकदम फाटत नाही, तर पियानोचे खालचे स्वर जोरात वाजले की सगळा आवाज दाट आणि किंचित गढूळ होतो, आणि कानाला ते लगेच लक्षातही येत नाही.

स्पीकर बदलायचे तर ९५ डेसिबलच्या वरचे लागतील. संवेदनशीलता १० डेसिबलनी वाढली की तोच आवाज एक दशांश शक्तीत मिळतो, हे मोठे आकर्षण आहे. विल्यमसन यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेला गाजलेला ॲम्प्लिफायर १५ वॅटचा होता आणि तेव्हा घरासाठी ते भरपूर मानले जाई. मात्र अशा स्पीकरची किंमत आकाराने मोजावी लागते. हॉर्न मोठे असतात, आणि एकाच फुल-रेंज ड्रायव्हरचे स्पीकर बासमध्ये कमी पडतात व वरच्या स्वरांत आवाज एका झोतासारखा समोर फेकतात, असे वाचनात आले आहे. शिवाय २-ए-३ किंवा ३००-बीसारख्या थेट तापणाऱ्या फिलॅमेंटच्या व्हॉल्व्हला एसीवर तापवले तर थोडी गुणगुण राहतेच, आणि स्पीकर १० डेसिबलनी अधिक संवेदनशील झाला की ती गुणगुणही तितकीच वर येते. ज्यांच्याकडे असा जोड आहे त्यांनी शांत खोलीत बसण्याच्या जागेवरून गुणगुण ऐकू येते का, आणि फिलॅमेंट डीसीवर नेल्याने स्वरात काही फरक पडला का, हे सांगावे.

दुसरा मार्ग ईएल-८४ व्हॉल्व्हच्या पुश-पुल जोडीचा (दोन व्हॉल्व्ह परस्परविरुद्ध दिशेने काम करतात अशा रचनेचा) दिसतो. त्यातून १० ते १५ वॅट मिळतात, माफक फीडबॅकमुळे आउटपुट इम्पिडन्स एका ओहमच्या आसपास किंवा खाली येतो आणि आहेत ते स्पीकर ठेवता येतात. त्यात दुसरे हार्मोनिक मोठ्या प्रमाणात परस्पर रद्द होते. मग हळू आवाजातला तो निवांतपणा टिकतो का?

तिसरा मार्ग मला मनापासून पटतो आहे. ३००-बीच ठेवावा, पण त्याच्या इनपुटला लहान कपॅसिटर लावून १०० हर्ट्झखालचा भाग कमी करावा आणि तो स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेल्या सबवूफरकडे द्यावा. तेवढ्याच व्होल्टेजला वारंवारता निम्मी झाली की ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातला चुंबकीय प्रवाह दुप्पट होतो. त्यामुळे खालचा भार काढून घेतल्यावर व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर दोघांनाही मोकळीक मिळावी, असे गणित सांगते. साध्या कपॅसिटरचा उतार सप्तकाला ६ डेसिबल इतकाच असतो. तो पुरतो का, की १०० हर्ट्झच्या आसपास सबवूफर आणि स्पीकर एकमेकांवर चढून तबल्याचा डग्गा आणि पुरुष गायकाचा खर्ज फुगल्यासारखे वाटतात? आणि सबवूफरला सिग्नल स्पीकरच्या टोकांवरून द्यावा की ॲम्प्लिफायरच्या आधीच फाटा काढावा?