आईची अँटिबॉडी टेस्ट पॉझिटिव्ह आली, म्हणून तिला रोज मास्क नको? मदत हवी आहे

नमस्कार. माझी आई मुंबईतल्या एका खाजगी हॉस्पिटलात कोविड वॉर्डात मावशी आहे, कंत्राटी. बेडपॅन देणं, चादरी बदलणं, पेशंटला घास भरवणं सगळं तिच्याकडे. डॉक्टर राउंड घेऊन जातात, आई आठ तास तिथेच.

जून २०२० मध्ये तिला दोन दिवस कणकण होती. मग एका सकाळी फोडणीतला लसूण पार काळा झाला, आम्ही बाहेरून ओरडलो, आणि ती कढईसमोर उभी असून तिला वासच नव्हता. हॉस्पिटलने 'सौम्य आहे' म्हणून स्वॅब घेतला नाही. ती नऊ दिवस घरी राहिली, ते बिनपगारी धरले.

आता सप्टेंबरात सगळ्या स्टाफचं रक्त घेतलं. आईच्या आयजीजी (म्हणजे अँटिबॉडीच्या) रिपोर्टवर ४.६ आहे, १.४ च्या वर पॉझिटिव्ह असं खाली छापलंय. तेव्हापासून पॉझिटिव्हवाल्यांना सरसकट कोविड वॉर्डात लावलंय आणि 'तुम्हाला आता होत नाही' म्हणत एकच एन-९५ चार-चार दिवस. नऊ दिवसांचे पैसे मागितले तर सुपरवायझर म्हणाले, "चेंबूर, माटुंगा, दहिसरच्या वस्त्यांत जुलैच्या सर्वेत ५७ टक्के लोक अँटिबॉडी पॉझिटिव्ह निघाले. तुम्हाला इथेच झाला कशावरून?" आम्ही चेंबूरच्या वस्तीत राहतो.

या ४.६ वर कितपत भरवसा ठेवायचा? वडिलांना शुगर आहे, खोली एकच, १० बाय १२. मेट्रनना काय दाखवू? आई म्हणते, बोलू नकोस, कंत्राट जाईल.

प्रतिसाद:
ताई, मी लॅबमध्ये काम करतो. ४.६ म्हणजे लागण होऊन गेली, एवढंच. आयजीजी साधारण दोन आठवड्यांनी रक्तात दिसतं, म्हणून आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) ही टेस्ट सर्वेसाठी वापरायला सांगते, निदानासाठी नाही. अँटिबॉडी असल्या की परत होत नाही याला पुरावा नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिलमध्येच सांगितलंय. हाँगकाँगच्या ३३ वर्षांच्या माणसाला मार्चमध्ये कोविड झाला, ऑगस्टमध्ये पुन्हा निघाला, आणि दुसऱ्या वेळी लक्षण एकही नव्हतं. तुमच्या वडिलांसाठी भीती नेमकी तीच आहे. मास्क हवाच.

५७ टक्के हा वस्त्यांचा आकडा. एका बाईला कुठे लागण झाली ते त्यावरून ठरत नाही. जूनची ड्युटी शीट मिळवा. आणि आईंना एकटीला पाठवू नका, सगळ्या मावशी-मामांचा मिळून अर्ज द्या, पोच घ्या.

धागाकर्ती:
खूप आभार, दादा. ड्युटी शीटचा फोटो आईच्याच फोनमध्ये निघाला. ताप येण्याआधीचा अख्खा आठवडा ती कोविड वॉर्डात होती. सहा जणी सही करायला तयार आहेत, आईसुद्धा. अर्ज आज रात्री लिहितेय. त्यात 'पुरेसे मास्क' लिहू, की 'प्रत्येक ड्युटीला नवा' असं स्पष्टच लिहू?