एनबीएमध्ये (अमेरिकेची व्यावसायिक बास्केटबॉल लीग) ट्रॅव्हल, म्हणजे चेंडू हातात धरून बेकायदा पावलं टाकल्याची चूक, उरलाय का?

तिरपा_शॉट:
डिसेंबर २०१८, ह्यूस्टन रॉकेट्स विरुद्ध यूटा जॅझ. समोर रिकी रुबिओ, आणि रॉकेट्सचा जेम्स हार्डन ड्रिबल (चेंडू आपटत नेणं) संपवून मागे सरकतोय, सरकतोय... ट्रॅव्हल दिलाच नाही. नंतर पंचांच्या अधिकृत ट्विटर खात्यानं कबूल केलं की तो ट्रॅव्हल होता. आता कबूल करून उपयोग काय? माझं मत सरळ आहे: स्टार खेळाडू पावलं वाढवतात, पंच डोळेझाक करतात आणि मग नियमच त्यांच्या मापाचा शिवला जातो.

शिट्टीवाला:
हार्डनचा तो ट्रॅव्हलच, वाद नाही. पण त्या एका क्लिपवरून सगळ्या स्टेप-बॅकना, म्हणजे शॉटआधी मागे सरकण्याच्या चालीला, चोर ठरवू नका. लोक पावलं मोजायला लवकर सुरुवात करतात. मोजणी सुरू होते 'गॅदर'नंतर, म्हणजे दोन्ही हात चेंडूवर आले, किंवा हात खाली जाऊन चेंडू थांबला, तिथून. त्या क्षणी जमिनीवर असलेलं पाऊल शून्य. पुढची दोन कायदेशीर. टीव्हीवर तीन दिसतात म्हणून घराघरांत बोंब.

तिरपा_शॉट:
पण ही 'गॅदर'ची सविस्तर व्याख्या नियमपुस्तकात आली कधी? २०१९-२० च्या हंगामात! हार्डनवर रान उठलं त्याच्या पुढच्याच मोसमात. त्याआधी २००९ मध्ये 'दोन पावलं' असे स्पष्ट शब्द घातले, तेव्हाही पंच आधीपासून तसंच देत होते. आधी सवय, मग कायदा.

शिट्टीवाला:
बरं मग? २०१७ मध्ये फिबानंही (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ) शून्य पाऊल मान्य केलं. आपल्याकडच्या स्पर्धा फिबाच्याच नियमांनी चालतात, तिथे कुठला हार्डन आला होता? धावता धावता चेंडू ताब्यात घेणाऱ्याला एक पाऊल आधीच पडलेलं असतं, ते त्याच्या नावावर का मांडायचं?

बाकावरची:
तुम्ही दोघंही शेवटच्या पावलांवर भांडताय. खरी लूट सुरुवातीला होते. उभ्या जागेवरून निघताना पायव्हटचा पाय (ज्यावर वळता येतं, पण जो जागचा हलवायचा नसतो) उचलण्याआधी चेंडू हातातून सुटला पाहिजे. एनबीएचा कुठलाही सामना लावा आणि फक्त पाय बघा. यात 'गॅदर'चा बुरखाही नाही, नियम स्वच्छ आहे, तरी शिट्टी क्वचितच वाजते. आमच्या मुलींना मात्र तालुक्याला त्याच हालचालीवर चेंडू द्यावा लागतो.

शिट्टीवाला:
@बाकावरची, हे मान्य. पण तीन पंच, दहा खेळाडू, आणि बहुतेकांची नजर हातांवर, धक्क्यांवर. हा पाय निसटतोच.

बाकावरची:
काका, दर सामन्यात निसटतो? मग प्रशिक्षकाला चॅलेंज, म्हणजे पंचांचा निर्णय व्हिडिओवर पुन्हा तपासायची मागणी, घेऊ द्या की. फाउलवर घेता येतं, चेंडू कुणाकडून बाहेर गेला यावर घेता येतं, ट्रॅव्हलवर नाही.

तिरपा_शॉट:
+१. आणि पंचांच्या निर्णयांवरचा एनबीएचा शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल २०१५ पासून निघतो, त्यात चुका छापतात. निकाल बदलत नाही तो नाहीच.

शिट्टीवाला:
चॅलेंज नको, बाबांनो. पायव्हट स्लो-मोशनमध्ये तपासायला लागलात तर एका क्वार्टरला रात्र होईल. हंगामाच्या सुरुवातीचे पंधरा दिवस निष्ठुरपणे शिट्ट्या वाजवा. खेळाडू आपोआप चेंडू आधी सोडतील.

बाकावरची:
आणि सोळाव्या दिवशी?