मदत हवी आहे: आजोबांच्या घटनाविषयक पुस्तकाबद्दल एका गायकाने लिहिलेले पत्र (प्रताधिकार, कालनिश्चिती, जतन)

सर्व सदस्यांना नमस्कार.

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, सावंतवाडीला वकिली करत. संस्थानाच्या काळात त्यांनी सनद घेतली आणि पुढे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाल्यावरही ते तिथेच राहिले. १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टपासून १९५० पर्यंतचा भारताचा घटनात्मक इतिहास सांगणारे एक पुस्तक त्यांनी मराठीत लिहिले आणि ते १९६६ साली छापून घेतले. त्याची एकच आवृत्ती निघाली. आम्ही भावंडे आता दुसरी आवृत्ती काढत आहोत आणि त्या निमित्ताने त्यांची कागदपत्रे लावत असताना एका ख्यातनाम ख्यालगायकाचे त्यांना आलेले पत्र हाती लागले. दोघांचा जुना स्नेह होता. कोकणात बैठक असली की बुवा आजोबांकडेच उतरत. बुवांचे नाव येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण त्यांच्या वारसांशी अजून बोलणे व्हायचे आहे.

पत्र निळ्या अंतर्देशीय कागदावर शाईच्या पेनाने लिहिलेले आहे. सगळ्या बाजू भरल्यावर बुवांनी समासात आडव्या ओळी घातल्या आहेत आणि त्यांतली शेवटची ओळ मोडीत आहे. ‘पुस्तक पोचले, उत्तम झाले आहे’ या छापाचे हे पत्र नाही. बुवांनी पुस्तक टिपांसकट वाचले होते, असे त्यावरून स्पष्ट दिसते. १९१९ आणि १९३५ च्या कायद्यांची प्रकरणे कायदा न शिकलेल्या माणसालाही समजली, याबद्दल ते आजोबांना शाबासकी देतात. पण त्यांचा खरा जीव गुंतला आहे तो संस्थानांच्या विलीनीकरणाच्या प्रकरणात. दक्षिणेतली बहुतेक लहान संस्थाने मार्च १९४८ मध्ये आणि कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात आले, बडोदेही त्याच वर्षी आले, हे आपण तारखांच्या रूपाने वाचतो. बुवांच्या पिढीला त्या प्रत्येक तारखेमागे कोणाचा तरी बंद झालेला पगार दिसत होता. हे सारे अटी आणि करारांसह कोणीतरी मराठीत मांडले, याचा आनंद त्यांनी फार मनापासून व्यक्त केला आहे.

मात्र त्याच प्रकरणातल्या एका वाक्यावर ते आक्षेपही घेतात. दरबारांनी सोडलेला कलावंतांचा आश्रय पुढे आकाशवाणीने उचलला, असे आजोबांनी लिहिले होते. बुवांचे म्हणणे असे की, दरबारचा पगार महिन्याचा असे, त्यात रियाज होई आणि घरी ठेवलेले शिष्यही पोसले जात. आकाशवाणीचे मानधन मात्र गायलेल्या कार्यक्रमापुरते, आणि तेही ऑडिशन देऊन ठरलेल्या श्रेणीप्रमाणे. तेव्हा याला आश्रय म्हणू नये, असे ते स्नेहाने पण ठामपणे सांगतात. मला हा भाग पत्रातला सर्वांत मोलाचा वाटतो. आजोबांनी आपल्या प्रतीत त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारलेली आहे, यावरून त्यांनाही तो पटला असावा.

अडचण इथेच सुरू होते. आमच्या प्रकाशकांना पत्रातली पहिली चार स्तुतीची वाक्ये बुवांच्या नावासह मलपृष्ठावर हवी आहेत, बाकीच्या मजकुराशी त्यांना कर्तव्य नाही. माझ्या मते हे म्हणजे दाद तेवढी ठेवून गाणे कापून टाकण्यासारखे आहे. पत्र छापायचे तर आक्षेपासकट संपूर्ण छापावे, ही माझी भूमिका आहे आणि भावंडांनाही ती मान्य आहे.

प्रताधिकाराबाबत मी जे वाचले आहे ते असे: पत्राचा कागद ज्याला पत्र आले त्याच्या मालकीचा असतो, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याकडे आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांकडे राहतो. १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध न झालेल्या लेखनाची ६० वर्षांची मुदत त्याच्या मृत्यूपासून मोजली जात नाही; ते लेखन पहिल्यांदा प्रसिद्ध होईल त्याच्या पुढच्या वर्षारंभापासून ती धरतात. म्हणजे आज परवानगीवाचून काहीच छापता येणार नाही, आणि पत्राचे छायाचित्र या धाग्यावर टाकणेही योग्य ठरणार नाही. बुवांना तीन अपत्ये होती. तिघांच्याही कुटुंबांची लेखी संमती घ्यावी लागेल, की एकाने इतरांच्या वतीने दिलेली चालेल? मृत्युपत्रात हक्कांचा उल्लेख आहे का, हे विचारणे आगाऊपणाचे तर वाटणार नाही ना? ज्यांनी दिवंगत व्यक्तींची पत्रे छापली आहेत, त्यांनी संमतिपत्रात काय काय लिहून घेतले ते कळवल्यास फार मदत होईल.

दुसरा प्रश्न काळाचा. पत्रावर ‘कार्तिक शुद्ध एकादशी, गुरुवार’ एवढेच आहे, साल नाही. टपालाचा शिक्का पुसट आहे. पत्त्यात ‘जिल्हा रत्नागिरी’ आहे, पण सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये झाला, त्यामुळे त्याचा फारसा उपयोग नाही. पिनकोडची चौकट कागदावर नाही आणि पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. अर्थात जुना कागद नंतरही वापरला गेला असेल. अधिक नेमका धागा मजकुरात आहे: राजेलोकांचे तनखे आता जाणार असे ऐकतो, असे बुवा लिहितात. तनखे बंद करण्याची मागणी काँग्रेसने १९६७ मध्ये केली, १९७० चे विधेयक राज्यसभेत थोडक्यात पडले आणि १९७१ च्या अखेरीस २६ व्या घटनादुरुस्तीने ते रद्द झाले. म्हणून १९६७ ते १९७१ यांपैकी कोणत्या वर्षी कार्तिकी एकादशी गुरुवारी होती, हे कोणाकडे त्या वर्षांची दाते पंचांगे असल्यास कृपया पाहून सांगावे.

मोडीतली ओळ वाचून देणारे कोणी जाणकार असतील तर त्यांना तेवढ्या ओळीचे छायाचित्र व्यक्तिगत संदेशाने पाठवीन. तिचा अर्धा भाग घडीवर येतो आणि तिथे कसरीने कागद खाल्ला आहे.

शेवटी जतनाविषयी. गावातल्या झेरॉक्सवाल्याने लॅमिनेशन सुचवले, ते अर्थातच करणार नाही. एकदा प्लास्टिक चिकटवले की ते कागदाला धक्का न लावता निघत नाही. सध्या पत्र उलगडून कोऱ्या पांढऱ्या कागदांच्या मध्ये, सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या डब्यात ठेवले आहे. पण आमच्याकडचा पावसाळा सर्वांना ठाऊक आहे, चार महिने भिंतीसुद्धा ओल्या असतात. आम्लरहित कागद कोकणात किंवा कोल्हापूर, पुण्याकडे कुठे सुट्टा मिळतो का? आणि मूळ पत्र येथील श्रीराम वाचन मंदिरासारख्या एखाद्या जुन्या ग्रंथालयाकडे सोपवावे, की मुंबई-पुण्याच्या एखाद्या अभिलेखागाराकडे, याबद्दल ज्यांनी अशा देणग्या दिल्या आहेत त्यांचा अनुभव ऐकायला आवडेल.

पुस्तकाची जुळणी गणपतीनंतर सुरू होणार असल्याने वारसांना लिहायचे पत्र त्याआधी रवाना व्हायला हवे. त्याचा मसुदा तयार आहे. कायद्याची माहिती असलेले कोणी नजरेखालून घालणार असतील तर उद्या येथेच प्रतिसादात देतो.