‘क्विल्टिंग बी’ला मराठीत काय म्हणावे : सावड, इर्जिक की भिशी?

धावदोरा :
मी ज्या क्विल्टिंग गिल्डची, म्हणजे गोधडीसारखी थरांची पांघरुणे (क्विल्ट) शिवणाऱ्यांच्या मंडळाची, सभासद आहे, तिच्या नियमावलीचे आणि नव्या सभासदांना द्यायच्या माहितीपत्रकाचे मराठी रूपांतर माझ्याकडे आले आहे. मासिक सभा, वर्गणी, ग्रंथालय, कार्यकारिणीची निवडणूक येथवर काही अडले नाही, कारण कोणत्याही मंडळाच्या घटनेत हे शब्द तयारच असतात. ‘गिल्ड’ला काय म्हणावे हा प्रश्न आहेच, पण त्याहून जास्त अडले ते ‘क्विल्टिंग बी’ या शब्दापाशी.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दहा-बारा जणी, क्वचित जणही, वर्षभरासाठी एकत्र येतात. प्रत्येक महिना एकीचा. त्या महिन्यात ती आपली रंगसंगती आणि नमुना कळवते, कधी कापडही पाठवते, आणि बाकीच्या सगळ्या तिच्यासाठी एकेक ब्लॉक, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेला चौकोन, शिवून तिच्याकडे पोचवतात. पुढच्या महिन्यात दुसरीची पाळी. वर्ष सरते तेव्हा प्रत्येकीच्या हाती एका क्विल्टपुरते ब्लॉक आलेले असतात. माझ्या आधीच्या मसुद्यात याला कोणीतरी ‘मधमाशी गट’ म्हटले होते आणि जिचा महिना आहे तिला ‘राणीमाशी’. मी ते खोडून ‘सावड’ लिहिले, म्हणजे शेतकरी पाळीपाळीने एकमेकांच्या कामाला जातात ती रीत. आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी ‘सावड ही शेतात असते, शिवणाच्या खोलीत नव्हे’ असा शेरा मारून मसुदा परत पाठवला आहे. येथील जाणकारांचे काय मत आहे?

अनुस्वार :
‘मधमाशी’ खोडलीत हे उत्तम केलेत. इंग्रजीतला हा ‘बी’ माशीचा नसावा, शेजाऱ्यांनी आपखुशीने केलेली मदत या अर्थाच्या एका जुन्या बोलीशब्दाचे ते रूप असावे, असे कोशकार सुचवतात. माशीशी त्याची सांगड मागाहून घातली गेली असावी आणि ‘क्वीन बी’ हा विनोद त्या सांगडीतूनच जन्मला. मराठीत तो विनोद आणण्याची काहीही गरज नाही. ‘जिचा महिना ती’ किंवा ‘पाळीवाली’ एवढे पुरे आहे.

‘गिल्ड’साठी मात्र आपल्याकडे दोन हजार वर्षांचा शब्द आहे : श्रेणी. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यातील लेखात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापणे (त्या काळची नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. त्यांपैकी दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने आणि उरलेली एक हजार दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. दोन हजारांच्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणे वस्त्रासाठी मिळावीत अशी तजवीज होती, आणि हिशेब करून पाहिला तर वर्षाचे व्याज बरोबर दोनशे चाळीस होते. कापडाशी इतके घट्ट जोडलेले नाव हाताशी असताना आपण ‘गिल्ड’ हा शब्द तसाच का उचलावा?

काठपदर :
लेण्यातला शब्द लेण्यात शोभतो. आज ‘आधुनिक गोधडी श्रेणी’ असे वाचले तर शंभरातल्या नव्व्याण्णवांना ती परीक्षेतली श्रेणी वाटेल आणि कोणाची गोधडी पहिल्या श्रेणीत आली असे विचारले जाईल. शिवाय त्या श्रेणी धंदा करणाऱ्या होत्या, ठेवी घेत होत्या, व्याज देत होत्या. येथे ज्या गिल्डची चर्चा चालली आहे ती काही विकत नाही आणि कोणाला उमेदवारीवरही ठेवत नाही.

‘सावड’बद्दल माझी हरकत वेगळीच आहे. आमच्याकडे ‘सावडणे’ हे क्रियापद घरात उच्चारलेले वडीलधाऱ्यांना खपत नसे, कारण ते राख सावडण्याशी जोडलेले. नवजात बालकांसाठी दुपटी शिवून देणाऱ्या मंडळींनी आपल्या उपक्रमाला ते नाव द्यावे हे मला रुचत नाही. पाळीपाळीने सर्वांनी एकीला द्यायचे, याला आजच्या मराठीत सर्वांना कळणारा शब्द आहे, तो म्हणजे भिशी. ‘ब्लॉकांची भिशी’ म्हणा, कोणाला समजावून सांगावे लागणार नाही.

अनुस्वार :
गिल्ड काही विकत नाही म्हणून श्रेणी नको, हा युक्तिवाद इंग्रजीलाही लागू पडतो. मध्ययुगातील गिल्ड व्यापारावर ताबा ठेवत असत आणि उमेदवारांना वर्षानुवर्षे राबवून घेत. २००९ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या ‘मॉडर्न क्विल्ट गिल्ड’ने तो शब्द घेतला तेव्हा त्यातला धंदा गळून पडलेलाच होता. इंग्रजीला जी मुभा आहे ती मराठीला का नाही?

राहिली गोष्ट सावडण्याची. सावडणे म्हणजे गोळा करणे. दुःखाच्या एका प्रसंगी ते वापरले जाते म्हणून साऱ्या शब्दाला सुतक धरायचे असेल, तर ‘उचलणे’ आणि ‘बांधणे’ हेही शब्द टाकून द्यावे लागतील.

उकल :
दोघांच्याही वादात एक मुद्दा निसटतो आहे. ‘क्विल्टिंग बी’ या एकाच नावाखाली दोन निराळ्या गोष्टी मोडतात आणि मराठीत त्यांना दोन निराळे शब्द आधीपासूनच आहेत.

जुन्या प्रकारच्या बीमध्ये वरचा जोडलेला पट घरच्या बाईने एकटीने आधीच तयार करून ठेवलेला असे. मग तो पट, मधला कापसाचा थर आणि खालचे अस्तर असे तिन्ही एका मोठ्या लाकडी चौकटीवर ताणायचे आणि शेजारणींनी चारही बाजूंनी बसून, एकमेकींच्या हाताला हात लागेल इतक्या दाटीने, दिवसभरात ते टाचून काढायचे. सगळ्यांचे श्रम एका दिवशी एकाच घरी, आणि त्या बदल्यात जेवण. ही सरळसरळ इर्जिक आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे नांगर एका दिवशी एकाच्या शेतात उतरतात आणि तो त्यांना जेवू घालतो, तशीच.

आजच्या गिल्डमधली बी तशी नाही. तिथे कोणी एका चौकटीभोवती बसत नाही. प्रत्येक जण आपापल्या घरी, आपापल्या यंत्रावर शिवते आणि ब्लॉक टपालाने पाठवते किंवा मासिक सभेत हाती देते. तिचा प्राण आहे परतफेड : मी तुझ्यासाठी, तू माझ्यासाठी, पाळीपाळीने. ही सावड. तेव्हा धावदोरा यांनी आजच्या अर्थाला योग्यच शब्द लावला आहे. मात्र माहितीपत्रकात इतिहासाचा परिच्छेद असेल, तर तिथल्या ‘बी’ला सावड म्हणू नये.

पाव इंच :
मी बरीच वर्षे अशा उपक्रमांत शिवत आले आहे, म्हणून एक व्यवहारातली अडचण मांडते. भिशीत प्रत्येकीची रक्कम सारखी असते. ब्लॉकांचे तसे नसते. ठरलेले असते की न जोडलेला ब्लॉक साडेबारा इंचांचा हवा, म्हणजे चारही बाजूंची पाव इंच शिवण आत गेल्यावर तो बारा इंचांचा दिसेल. प्रत्यक्षात एकीचा ब्लॉक सव्वाबारा भरतो, दुसरीचा साडेबाराहून दोराभर मोठा आणि तिसरीचा एका कोपऱ्यात तिरका. कारण प्रत्येकीचे ‘पाव इंच’ वेगळे असते. यंत्राचा दाब-पाय वेगळा, दोऱ्याची जाडी वेगळी, कोणी शिवण उलगडून इस्त्री करते तर कोणी एका अंगाला वळवून. बारा तुकड्यांच्या ब्लॉकमध्ये प्रत्येक जोडाला केसाएवढा फरक पडला, तरी शेवटी पाव इंचाची तूट सहज येते. मग जिचा महिना असतो ती गुपचूप कडेने पट्ट्या जोडून सगळे ब्लॉक एका मापाला आणते आणि सभेत हसून म्हणते की फार सुंदर झाले आहेत. भिशीत कोणी नाणे कमी वजनाचे देत नाही. हा सैलपणा सावडीत मुरलेला आहे, कारण दुसऱ्याचा बैल आपल्या बैलाइतकाच ओढील अशी अपेक्षाच तिथे नसते. माझे मत सावडीला.

आणि कृपा करून ‘ब्लॉक’ला ‘ठोकळा’ म्हणू नका. एका रूपांतरात ‘आपला ठोकळा इस्त्री करून आणावा’ असे वाचल्यापासून माझी झोप उडाली आहे.

काठपदर :
‘ठोकळा’ नको हे मान्य. पण ‘ब्लॉक’ तरी का? सोंगट्यांच्या पटावर असते त्याला आपण ‘घर’ म्हणतो. क्विल्टही पटच आहे. ‘बारा घरांची गोधडी’ किती सहज वाटते पाहा.

उकल :
‘घर’ कानाला गोड आहे, पण पटावरचे घर जागचे हलत नाही. येथे ब्लॉक सुटा शिवला जातो, प्रवास करतो आणि मागाहून जडवला जातो. त्यातच आधुनिक क्विल्टचा ओढा असा, की ही चौकट मोडावी, मोठाल्या मोकळ्या जागा सोडाव्यात, सपाट रंग ठळकपणे समोरासमोर ठेवावेत आणि माप न घेता हाताला येईल तसे कातरून जोडत जावे. अनेक आधुनिक क्विल्टांत एकसारखी घरे सापडतच नाहीत.

अनुस्वार :
मुळात तुम्ही सर्व जण ‘गोधडी’ हा शब्द इतक्या सहजपणे कसा वापरता, याचेच मला नवल वाटते. गोधडी म्हणजे जुनी लुगडी, धोतरे एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेली. दुकानातून नवे सुती कापड आणायचे, तयार कापसाची भर घालायची, यंत्राने टीप मारायची आणि कडेने गोट लावायचा, ही फार तर रजई किंवा दुलई होईल. वापरलेल्या कापडाखेरीज गोधडी नाही. शब्दातच ती ‘घडी’ आहे, जुन्या वस्त्राची घडी.

उकल :
ही व्युत्पत्ती मोहक आहे, पण शेजारच्या भाषांत टिकत नाही. गुजरातीत गोदडी आहे आणि हिंदीत गुदडी आहे. गोधडीत ‘ध’ आहे, या दोन्हींत ‘द’; ‘घडी’चा ‘घ’ कुठेही नाही. चौघडीत घडी आहे, गोधडीत ती आपण आपल्या सोयीने पाहतो.

जुन्या कापडाची अट म्हणाल, तर अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील जीज बेंड येथील क्विल्ट आठवा. शेतात घालून विरलेल्या कपड्यांतून केलेले ते क्विल्ट २००२ साली ह्यूस्टन आणि न्यूयॉर्क येथील संग्रहालयांत भिंतीवर लागले आणि आधुनिक क्विल्ट करणाऱ्यांनी त्यांना आपले पूर्वज मानले. त्याच परिसरातल्या बायकांनी १९६६ मध्ये काढलेल्या सहकारी संस्थेचे नाव ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ होते. तिथली बी इर्जिकही नव्हती आणि सावडही नव्हती. शिवलेला माल विकून पैसा उभा करणारी ती रीतसर संस्था होती.

अनुस्वार :
म्हणजे तीच खरी श्रेणी!

काठपदर :
मग गिल्डला श्रेणी नको, बीला श्रेणी हवी, असा निष्कर्ष निघतो. धन्य आहे.

‘गोधडी’च्या बाबतीत मात्र मी अनुस्वार यांच्या विरोधात आहे. शब्द वापरणाऱ्यांचा असतो. यंत्रावर नव्या कापडाची शिवलेली गोधडी आता सर्रास त्याच नावाने विकली जाते आणि विकत घेणारा ‘ही दुलई आहे’ असे म्हणत नाही.

धावदोरा :
सर्वांचे आभार. इर्जिक आणि सावड यांतला फरक मला पटला आणि इतिहासाच्या परिच्छेदात मी तो तसाच ठेवणार आहे. आता नियमावलीतील पुढचेच कलम समोर आहे. एखादी सभासद वर्षभर इतरांकडून ब्लॉक घेते आणि इतरांच्या पाळीला काहीच पाठवत नाही. हे घडते, आणि दर वर्षी कोणाच्या तरी बाबतीत घडते. इंग्रजी मसुद्यात त्यासाठी दोन ओळींचे गुळमुळीत वाक्य आहे. भिशी बुडवतात, कर्ज बुडवतात. सावडीचे काय करतात?

पाव इंच :
सावड फेडतात. न फेडणाऱ्याला पुढच्या वर्षी कोणी बोलावत नाही. त्याला वेगळे क्रियापद लागत नाही.

काठपदर :
नियमावलीला लागते. ‘बुडवणे’च लिहा, म्हणजे तुम्ही मनातल्या मनात भिशीच म्हणत होता हे सिद्ध होईल.

अनुस्वार :
‘सावड मोडली’ असे लिहावे. मैत्री मोडते, सोयरीक मोडते, त्याच चालीवर.

पाव इंच :
मोडते ती सर्वांची मिळून. येथे अकरा जणींनी आपले काम केलेले आहे आणि एकीने केलेले नाही. ‘मोडली’ म्हटले की दोष बाराही जणींत वाटला जातो. मी तरी अशा कलमाखाली सही करणार नाही.