लागलेले शब्द, तारलेले शब्द : तुमचे अनुभव

निळीशाई :
काल चर्चच्या उपासनेत शास्त्रपाठ, म्हणजे बायबलचं वाचन, माझ्याकडे होतं. याकोबाच्या पत्राचा 3रा अध्याय. घोड्याचा लगाम, तारवाचं सुकाणू इथपर्यंत ठणठणीत वाचलं, आणि 'जीभ आग आहे' इथे घसाच बसला. गायकवृंदातली एक मुलगी आठवली. तालमीत सगळ्यांदेखत मी तिला म्हणाले होते, "तू नुसते ओठ हलव, आवाज नको काढूस." सगळे हसले, तीही हसली. पुढच्या तालमीला आली नाही, मग कधीच नाही. 22 वर्षं झाली. आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा सूर, खरंच चढत होता हो, पण म्हणून काय. असो. तुम्हाला लागलेलं लिहा, तुम्ही लावलेलं लिहा, कुणी सावरलं असेल तर तेही.

तिसरीओळ :
मी तोतरा. संडेस्कूलच्या परीक्षेत 23वं स्तोत्र म्हणायचं होतं आणि पहिलाच शब्द 'परमेश्वर'. प प प. पोरं फिदीफिदी. बाई म्हणाल्या, "सावकाश रे. मोशेही जड जिभेचाच होता, तरी देवानं त्यालाच मिसरच्या राजाकडे, फारोकडे धाडलं." 6 वचनांना किती वेळ गेला देव जाणे. आता पाळकसाहेब गावाला गेले की उपदेश मी करतो. अजूनही अडकतो. मंडळी घड्याळ बघते ते वेगळं.

घाईगर्दी :
बाळ उठलं, नंतर सविस्तर. पण ते 'प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं' कुणीतरी बंद करा!!

खडूफळा :
घाईगर्दी, +1. आणि गुन्हेगार मीच. एका घरातली कुरबुर मी 'प्रार्थनेचा विषय' म्हणून फक्त दोघींना सांगितली. भगिनी मंडळात ती फिरून माझ्याकडेच आली तेव्हा तिला घटस्फोटही चिकटला होता. त्या बाईनं यायचंच सोडलं. दारी जाऊन माफी मागितली. ती एवढंच म्हणाली, "प्रार्थना तरी केलीस का?"
केली नव्हती.

मिठाचाखडा :
पौलाच्या पत्रातलं वचन, इफिसकरांस 4:29, सगळे अर्धंच वापरतात. तोंडातून वाईट निघू नये, खलास. पुढे पौल गरजेप्रमाणे उन्नतीचं बोला म्हणतो ना! आमच्या वडिलांनी जन्मात शिवी दिली नाही. शाबासकीही नाही. गेले तेव्हा लोक म्हणाले, कधी कुणाला दुखावलं नाही. मी मान हलवली.

तिसरीओळ :
मिठाचाखडा, हं. पण गप्प बसणंही कधी बरं असतं. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र 7 दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले तोवर चांगले होते, तोंड उघडलं आणि घोळ घातला. माझी आई गेली तेव्हा 'देवाची इच्छा' म्हणणारे ढिगानं भेटले. एक जण नुसता खुर्च्या उचलत राहिला. मला तोच आठवतो.

पिंपळपान :
मित्रांत एलीहू धरायचा का? तो ईयोबाच्या पुस्तकात एकदम 32व्या अध्यायात उगवतो, आधी कुठे होता?

मिठाचाखडा :
पिंपळपान, नको रे बाबा. मागच्या वेळी यावरून 3 दिवस जुंपली होती.

उंबरठा :
निळीशाईताई, 'ती' मी नाही. पण मलाही ओठच हलवायला सांगितलं होतं, आवाज जाड म्हणून. 12 वर्षं उपासनेत गीतं मनातल्या मनात म्हटली. एकदा शेजारच्या आजी, ऐकू कमी येणाऱ्या, मला कोपरानं ढोसून म्हणाल्या, "मोठ्यानं म्हण की. बाकीच्यांचं काही कळत नाही, तुझं ऐकू आलं तर ओळ सापडेल मला." कौतुक वगैरे काही नाही, चिडल्याच होत्या खरं तर. मी म्हटलं. तेव्हापासून म्हणतेय.

निळीशाई :
उंबरठा, दोनदा वाचलं. आल्टोतल्या एकीकडे तिचा नंबर असेल बहुतेक. पण लिहू काय? माफ कर म्हटलं तर ती विसरलेली असली तर नव्यानं आठवेल ना?

उंबरठा :
विसरत नाही हो ताई. लिहा.

खडूफळा :
आणि नंबर मागताना 'प्रार्थनेसाठी हवाय' म्हणू नका म्हणजे झालं.

घाईगर्दी :
झोपलं एकदाचं. बापरे, केवढं लिहिलंत! एलीहू कोण?