बिनहंगामी समुद्र, दुपारचा चहा आणि दोघे : आपले अनुभव लिहावेत

हंगाम संपून किनाऱ्यावरच्या टपऱ्यांना फळ्या लागलेल्या असताना, दोघांनीच समुद्रावर एक दिवस काढला असेल आणि त्यात कुठेतरी निवांत चहा झाला असेल, तर तो अनुभव इथे लिहावा, अशी विनंती आहे. सुरुवात मीच करतो; इतरांनी लिहिलेले अनुभव त्याखाली येत जातील.

ब्रायटन, जानेवारी

आम्ही गेली अकरा वर्षे लंडनच्या दक्षिण भागात राहतो. लग्नाचा वाढदिवस जानेवारीच्या अखेरीस येत असल्यामुळे तो दरवर्षी हीटरशेजारीच साजरा होतो. यंदा मात्र आम्ही लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावरून सकाळची गाडी धरली आणि तासाभरात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटनला उतरलो. तिथला किनारा वाळूचा नसून गोट्यांचा आहे, आणि लाट मागे सरकताना ते गोटे एकमेकांवर घासून जो आवाज होतो, तो सुपात हरभरे पाखडल्यासारखा आहे, असे पत्नीचे मत पडले.

गावातला घुमटांचा रॉयल पॅव्हेलियन हा चौथ्या जॉर्ज राजाचा हौसेचा महाल. पहिल्या महायुद्धात तो जखमी हिंदी सैनिकांचे रुग्णालय झाला होता, आणि तिथे हिंदू व मुसलमान जवानांसाठी पाण्याचे नळसुद्धा वेगळे ठेवले होते. जे हिंदू आणि शीख सैनिक दगावले, त्यांना शहराबाहेरच्या टेकडीवर अग्नी देण्यात आला. त्या जागी १९२१ पासून संगमरवरी छत्री उभी आहे. तिथवर चालत जाण्याचा आमचा बेत आडव्या पावसाने उधळला आणि चहाच्या ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधीच आम्ही ओल्या कोटांसह हॉटेलात जाऊन बसलो.

चहाबरोबर तीन मजली तबक आले. खालच्या ताटलीत कडा काढलेली काकडीची सँडविचे, मध्ये स्कोन (पाव आणि केक यांच्या मधला छोटा गोल पदार्थ) आणि वर केक. खायचे ते खालून वर. स्कोन सुरीने कापत नाहीत, भाकरीसारखा हाताने मोडतात, हे मला इतक्या वर्षांनी त्या दिवशी कळले. चहाची पत्ती किटलीतच मुरत राहिल्याने माझा तिसरा कप कडू जहर झाला. माणशी ३५ पौंड मोजले होते, त्यामुळे तोही मी संपवला.

बाहेर आलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते आणि पाऊस थांबला होता. १८६६ मध्ये खुला झालेला, १९७५ मध्ये बंद पडलेला आणि २००३ मध्ये आगीत होरपळलेला जुना वेस्ट पिअर, म्हणजे समुद्रात शिरलेला करमणुकीचा धक्का, आता पाण्यात नुसता लोखंडी सांगाडा होऊन उभा आहे. त्याच्यावर हजारो स्टारलिंग पक्ष्यांचा थवा धुरासारखा फिरत होता. तो क्षणात पसरे, क्षणात आवळे. पत्नी सोलापूरकडची आहे. ती म्हणाली, "अहो, या तर आमच्या भोरड्या!" ज्वारी हुरड्यात आली की असेच थवे उतरतात आणि त्यांना हाकलायला माणसे मचाणावर चढतात. हे पक्षी भोरड्यांचे सख्खे भाऊबंद असले तरी भोरड्या नव्हेत, असे मी सांगणार होतो. पण तिचा उजवा हात नकळत डोक्यावर गोफण फिरवू लागला होता, तेव्हा गप्प राहिलो.

साउथएंड, नोव्हेंबर

आमची हकीकत छोटी आहे. दोघेही इस्पितळात पाळीने काम करतो आणि एकत्र सुट्टी महिन्यातून एखादीच मिळते. ती घेऊन आम्ही टेम्सच्या मुखावरच्या साउथएंडला गेलो, तर ओहोटीमुळे समुद्र जवळजवळ दोन किलोमीटर मागे गेला होता आणि समोर नुसता चिखल चकाकत होता. तिथला धक्का २.१६ किलोमीटर लांब आहे; करमणुकीसाठी बांधलेला एवढा लांब धक्का जगात दुसरा नाही. त्यावरून छोटी रेल्वेही धावते, पण आम्ही हट्टाने चालत गेलो. टोकाला पोहोचल्यावर कागदी कपात चहा घेतला आणि परतीच्या रेल्वेत एकमेकांच्या खांद्यावर डोके टेकून झोपलो. आमची सहल एवढीच.

व्हिटबी, मार्च

मुलगा लीड्सला असतो. त्याच्याकडे गेलो असताना त्याने आम्हा दोघांना एका रात्रीसाठी यॉर्कशरच्या किनाऱ्यावरील व्हिटबीला पाठवले. जुन्या मठाच्या अवशेषांपर्यंत १९९ पायऱ्या आहेत. यांनी त्या मोठ्याने मोजल्या. मी गुडघ्यांमुळे दर वीस पायऱ्यांनी थांबत होते, आणि प्रत्येक वेळी यांचा आकडा चुकायचा. वर वारा असा होता की पदर कोटात खोचूनही बाहेर येत होता.

खरी गंमत मुक्कामाच्या घरी झाली. मालकीणबाईंनी सकाळीच "टी किती वाजता हवा?" असे विचारले होते. आम्ही आपल्या सवयीने "चार वाजता" म्हणालो. त्यांचा चेहरा जरा चमत्कारिक झाला, पण त्या काही बोलल्या नाहीत. चार वाजता आमच्यापुढे बटाटे, वाटाणे आणि चीज भरून भाजलेली पाई असे भरगच्च ताट आले. उत्तर इंग्लंडात 'टी' म्हणजे संध्याकाळचे जेवण, हे मुलाने फोनवर हसत हसत सांगितले. आम्ही ते मुकाट्याने जेवलो, आणि रात्री आठ वाजता खोलीतल्या किटलीवर स्वतःचा चहा करून त्याबरोबर पिशवीतल्या दशम्या खाल्ल्या.

मुंबई, जुलै

परदेशातली वर्णने वाचून आमचीही एक दुपार आठवली. १९०३ च्या ताजमहाल हॉटेलात पहिल्या मजल्यावर सी लाउंज आहे. एके काळी मुंबईतल्या सुखवस्तू घरांचे मुलगी पाहण्याचे कार्यक्रम तिथे होत. आमचा कार्यक्रम गिरगावातल्या दोन खोल्यांत, कांदेपोह्यांवर झाला. त्याला चाळीस वर्षे झाली म्हणून तिथे गेलो. खिडकीतून गेटवे दिसत होता. मांडव्याच्या लाँचेस पावसाळ्यामुळे बंद असल्याने एरवीची लगबग नव्हती, आणि करड्या पाण्यावर तसलाच करडा पाऊस पडत होता. सौभाग्यवतींनी टेबलावर चहा येताच पहिला प्रश्न विचारला : "यात आलं नाही का घालत?"

कॉर्नवॉल, ऑक्टोबर

स्कोनविषयी एक भर घालते. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलमध्ये त्यावर आधी जॅम आणि मग घट्ट साय लावतात. शेजारच्या डेव्हनमध्ये नेमके उलट. आमच्या शेजारच्या टेबलावरच्या आजींनी माझ्या नवऱ्याला साय आधी लावताना पाहिले आणि त्यांनी जो सुस्कारा सोडला, तो मी उकडीच्या मोदकाला सात पाकळ्या घातल्यावर माझ्या सासूबाईंनी सोडला होता.

मुरूड (दापोली), जून

माझा अनुभव पलीकडच्या बाजूचा आहे, कारण आम्ही नवराबायको इथे घरगुती खानावळ चालवतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे पाहुणे सहसा फिरकत नाहीत. गेल्या वर्षी भर पावसात एक जोडपे आले. ताजा मासा नाही म्हटल्यावर त्यांचा जरा हिरमोड झाला. मग मी सोड्याचे कालवण आणि कुळथाची पिठी केली. उधाणाच्या दिवसांत पाण्यात कुणाला उतरू देत नाही, म्हणून दुपारभर ती दोघे पडवीत झोपाळ्यावर बसून होती. चार वाजता परसातली गवती चहाची पाती खुडून, आले ठेचून चहा दिला. बाईंनी कप दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ नुसता वास घेत राहिल्या. गृहस्थ म्हणाले, "समुद्र दिसत नाही हो इथून." पावसाचा पडदाच एवढा होता. मी म्हटले, "ऐकू येतोय ना?" त्यावर त्यांनी झोपाळ्याला दिलेला पाय काढून घेतला, कड्यांची कुरकुर थांबली, आणि दोघे ऐकत बसली. मी दुसऱ्या चहाचे आधण ठेवायला आत गेले.