मदत हवी आहे: अर्धसूत्री विभाजनाचा दुसरा टप्पा लेकीला कसा समजावू?
नमस्कार मंडळी, मी डिचोलीची. लेक अकरावी सायन्सला आहे. अर्धसूत्री विभाजन (मायोसिस) म्हणजे बीजपेशी तयार करणारं पेशीविभाजन. त्याच्या पहिल्या टप्प्यात सजातीय गुणसूत्रांच्या (एक आईकडून, एक वडिलांकडून आलेलं) जोड्या जुळतात, तुकड्यांची देवाणघेवाण करतात, मग वेगळ्या होतात आणि ४६ ची २३ होतात, हे तिला पटलं. लाल-पिवळ्या लोकरीचे तुकडे जेवणाच्या टेबलावर मांडून, टोकं अदलाबदल करून दाखवलं.

अडलंय पुढे. "आई, संख्या निम्मी झालीच ना, मग परत विभाजन कशाला?" प्रत्येक गुणसूत्राची दोन अर्धगुणसूत्रं (क्रोमॅटिड, म्हणजे त्याच गुणसूत्राच्या दोन प्रती) अजून चिकटलेलीच असतात, ती दुसऱ्या टप्प्यात सुटतात, असं सांगितलं. त्यावर तिचं म्हणणं, मग हे कांद्याच्या मुळाच्या स्लाइडमध्ये पाहिलेल्या सूत्री विभाजनासारखंच (मायटोसिस, शरीराच्या वाढीसाठी होणारं नेहमीचं पेशीविभाजन) झालं! देवाणघेवाणीमुळे ती दोन अर्धगुणसूत्रं हुबेहूब नसतात, एवढाच फरक मला सुचतो. लोकरीनेच तो नीट दाखवता येईल का? जीवशास्त्र शिकवणाऱ्यांनी कृपया सांगा, सोमवारी तिची चाचणी आहे.